निखारा घरातून रस्त्यावर, रस्त्यावरून घरात

आजचा विषय ऐकून काही जणांनी आधीच विचारलं, ‘व्याख्यान इतिहासाचं आहे की पाककृतीचं?’ आमचं उत्तर असं की दोन्ही एकच आहे. सीख कबाब घरी करायचा तर तो रस्त्यावर का होतो, हे आधी समजून घ्यावं लागतं. नाहीतर मसाला बरोबर पडतो आणि चव मात्र येत नाही.

रमजानच्या दिवसांत संध्याकाळी मुंब्र्याला किंवा भिवंडीला जाऊन बघा. लांबट पत्र्याची शेगडी, तिच्यात फुललेले कोळसे, वर आडव्या सळया आणि हातपंख्याने वारा घालणारा माणूस. वास आधी येतो, दुकान नंतर दिसतं. हाच वास आपल्याला घरात हवा असतो.

सळईवर मांस भाजणं या देशाला नवं नाही. संस्कृतात अशा मांसाला ‘शूल्य’ म्हणत. ‘शाकुंतला’तला विदूषक राजाच्या शिकारीपायी वेळी-अवेळी तेच खावं लागतं म्हणून कुरकुरतो. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त ‘भडित्रक’ येतं, तेही सळईवर टोचून निखाऱ्यावर भाजलेलं मांस. इथे एक सावधगिरी. सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपलं उल्हास खाडीवरचं कल्याण नव्हे. नाव सारखं म्हणून वारसा ओढून आणायला आपण फार लवकर तयार होतो. आपलं कल्याण मोठं आहे ते बंदर म्हणून. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे, कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. अशा बंदरगावाचं ताट एकट्या गावाचं कधीच नसतं.

तेव्हा आम्ही ‘कबाब मूळचा कोणाचा’ हा प्रश्न बाजूला ठेवतो. त्याऐवजी विचारू या, निखारा कोणाकडे होता?

काही पिढ्यांपूर्वी तो प्रत्येक घरात होता. ठाण्याच्या, कल्याणच्या, डोंबिवलीच्या चाळीत कोळशाची शेगडी असायची. सकाळी ती गॅलरीत पेटवायची, धूर ओसरला की आत घ्यायची. त्या निखाऱ्यावर भरताचं वांगं भाजलं जाई, पापड भाजला जाई. आगरी-कोळ्यांच्या घरात सुका बोंबील भाजून चटणीत कुटला जाई. मटण बहुतेक घरांत रश्शाचंच, कारण खाणारी तोंडं जास्त आणि मटण थोडं. रस्सा पुरवता येतो, भाजलेलं मांस पुरवता येत नाही. ही साधी गोष्ट आपण विसरतो.

मग स्टोव्ह आला, गॅस आला. स्वयंपाकाच्या गॅसची सिलिंडरं मुंबईत 1955 साली बर्मा शेलने विकायला सुरुवात केली. पुढच्या काही दशकांत चाळी पडून इमारती उभ्या राहिल्या, शेगडी माळ्यावर गेली आणि तिथून भंगारात. ज्या बाईचा दिवस फुंकणीने सुरू होई तिची धुरातून सुटका झाली. त्याबद्दल कोणी हळहळू नये. पण निखारा घरातून गेला तो गेलाच. तो उरला रस्त्यावर.

आणि रस्त्यावर तो राखला कोणी? नव्याने आलेल्यांनी. भिवंडीच्या मागांवर मऊ, आझमगडकडचे विणकर आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्या ‘कल्याण कॅम्प’चं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबं जीव मुठीत धरून मुंब्र्याला आली. यांतल्या पुष्कळांना दाटीवाटीची एक खोली मिळाली. एका खोलीत राहणारा माणूस बाहेर खातो, आणि ज्याच्याकडे भांडवल नाही तो बाहेरच विकतो. शेगडी, सळया, खिमा, एवढ्यावर धंदा उभा राहतो. आमच्या मते आपल्या पट्ट्यातल्या कबाबाच्या गाड्यांचं कारण बादशाही मुदपाकखान्यात शोधण्यापेक्षा इथे शोधावं.

हा निखारा एका धर्माचा आहे असंही समजू नका. 2014 मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत विरारजवळचं आगाशी ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथलं भुजिंग आठवा. कोंबडीचे तुकडे कोळशावर भाजायचे, मग ते मसाल्यात, पोह्यांबरोबर परतायचे. मघाचं गणित इथेही आहे, कारण पोह्यांमुळे थोडी कोंबडी अनेकांना पुरते.

आता घरची गोष्ट. गाडीवरचा कबाब ही स्वस्त मांसाची युक्ती आहे. मांस चिवट असतं म्हणून त्याचा खिमा, म्हणून कच्ची पपई. पपईतला पाचक रस मांसाचे धागे सोडवतो. गाडीवर पुष्कळदा म्हशी-रेड्याचं मांस असतं. घरी आपण बोकडाचा खिमा आणतो आणि पपई तेवढीच घालतो, मग कबाबाचा लगदा होतो. अर्धा किलो खिम्याला एक चमचा वाटलेली पपई आणि अर्धा तास, बस्स.

दुसरी चूक चरबीची. ‘चरबी अजिबात नको’ असं खाटकाला सांगून आणलेला खिमा कोरडाच होणार. अर्धा किलोत शंभर ग्रॅम चरबी असू द्या. कांदा किसून घट्ट पिळा, कारण पाणी राहिलं की कबाब सळईवरून सुटतो. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, जिरं, गरम मसाला, मीठ आणि दोन चमचे डाळ्याचं पीठ. मग चिकट होईपर्यंत मळा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा. ओल्या हाताने सळईवर चढवा, लोखंडी तव्यावर फिरवत भाजा. आतपर्यंत शिजला पाहिजे, खिमा कच्चा ठेवू नये.

इतकं करूनही तो वास येत नाही, कारण तो मसाल्याचा नसतोच. चरबी वितळून निखाऱ्यावर पडते, तिचा धूर होतो, तो पुन्हा मांसाला लागतो. तव्यावर हे घडत नाही. म्हणून धुरी द्यायची. भाजलेल्या कबाबांच्या पातेल्यात छोटी वाटी ठेवा, तिच्यात लाल कोळसा, वर अर्धा चमचा तूप आणि लगेच झाकण. पाच मिनिटं पुरतात. मात्र बंद फ्लॅटमध्ये पेटती शेगडी ठेवू नका. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो जीव घेतो. धुरी देतानासुद्धा खिडकी उघडी ठेवा.

शेवटी एक अलीकडची घटना. 2025 च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्री चोवीस तास बंद ठेवण्याचा आदेश काढला. 1988 च्या ठरावाचा आधार दिला गेला. खाटीक व्यावसायिकांनी आणि विरोधी पक्षांनी हरकत घेतली. बंदी विक्रीवर आहे, खाण्यावर नाही, असा खुलासा झाला. कायद्याच्या भाषेत हा फरक असेल. पण आत्ताच आपण काय पाहिलं? ज्याचं घर मोठं, त्याला रस्ता बंद झाला तरी फरक पडत नाही. त्याच्याकडे फ्रीज आहे, तवा आहे. ज्याचं स्वयंपाकघर आणि दुकान दोन्ही रस्त्यावरच आहे, त्याच्यासाठी विक्री आणि खाणं यांत भिंत कुठे आहे?

म्हणून आमचं एवढंच सांगणं. घरी कबाब जरूर करा, धुरी द्या, मुलांना वास घेऊ द्या. आणि हा निखारा आपण घरातून बाहेर काढला तेव्हा तो विझू न देता कोणी सांभाळला, तेही त्यांना सांगा.

आता प्रश्न घेऊ या.