पौंड-पावना

पौंड-पावना : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनने हिंदुस्थानात केलेल्या लष्करी खर्चापोटी रिझर्व्ह बँकेच्या नावे लंडनमध्ये साठत गेलेली स्टर्लिंग-शिल्लक. युद्धापूर्वी ब्रिटनचा ऋणको असलेला हा देश तिच्यामुळे सहा वर्षांत त्याचा सर्वांत मोठा धनको झाला. 1945–46 च्या सुमारास तिचा आकडा 1,700 कोटी रुपयांच्या, म्हणजे तत्कालीन दराने जवळजवळ 130 कोटी पौंडांच्या, घरात गेला होता, आणि तोही युद्धापूर्वीचे हिंदुस्थानचे बहुतेक सारे स्टर्लिंग-कर्ज फिटल्यानंतर.

नोव्हेंबर 1939 मध्ये उभय सरकारांत जो आर्थिक करार झाला, त्यान्वये शांतताकाळातील नेहमीचा संरक्षणखर्च, भाववाढीमुळे त्यात पडणारी भर, केवळ हिंदुस्थानच्या हितासाठी केलेली युद्धसिद्धता आणि परदेशी धाडलेल्या फौजांपोटी एक ठरावीक रक्कम एवढ्याचाच बोजा हिंदुस्थानवर पडावयाचा होता. उरलेला खर्च हिंदुस्थान सरकारने तूर्त भागवावा आणि ब्रिटनने त्याची भरपाई पौंडांत करावी, असे ठरले. पहिल्या महायुद्धात याच देशाकडून 10 कोटी पौंडांची ‘देणगी’ उकळण्यात आली होती, हे ध्यानी घेता करार उदारच म्हणावयाचा. मेख होती ती भरपाईच्या रीतीत. खडकीचा दारूगोळा असो वा मुंबईच्या गिरण्यांतले खाकी कापड, त्याचे दाम कारखानदाराला येथेच रुपयांत चुकते होत. तिकडे बँक ऑफ इंग्लंडमध्ये तेवढे पौंड रिझर्व्ह बँकेच्या खाती जमा पडत, ते ब्रिटिश सरकारच्याच हुंड्यांत गुंतविले जात, आणि रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्याने सोन्याच्या जोडीने स्टर्लिंग रोख्यांनाही चलनाचे तारण मानले असल्यामुळे त्या हुंड्यांच्या आधारावर नाशिकच्या छापखान्यातून नव्या नोटा बाहेर पडत. माल गेला तो खरा; मिळाली ती ऋणकोने स्वतःच लिहून दिलेली वचनचिठ्ठी. रुपया स्टर्लिंगच्या दावणीला बांधला की चलनवाढीला सरकारच्या मर्जीखेरीज दुसरा लगाम उरत नाही, अशी हरकत डॉ. आंबेडकरांनी 1923 मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या मताविरुद्ध घेतली होती, तिचा प्रत्यय वीस वर्षांनी असा आला.

1939 मध्ये सुमारे 180 कोटींच्या असलेल्या नोटा 1945 अखेर सहापटींहून अधिक झाल्या. 1940 मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली, एक रुपयाची नोट पुन्हा सुरू झाली, पुढल्या वर्षी राणीछाप रुपया चलनातून बाद झाला. लोकांनी चांदी दडवून ठेवली, हे सांगणे नलगे.

राजसत्तेच्या खर्चाला खरी मर्यादा पैशाची नसून उपलब्ध माल व मनुष्यबळ यांची असते, हा रूढ अर्थशास्त्राला न मानवणारा विचार नेमका याच सुमारास आकाराला येत होता. क्नाप या जर्मन पंडिताने 1905 मध्येच पैसा ही राज्याची निर्मिती ठरविली होती. केन्सने 1940 मध्ये युद्धखर्चाविषयीच्या पुस्तिकेत मजुरांच्या वेतनाचा काही भाग युद्धोत्तर काळापर्यंत राखून ठेवण्याची योजना मांडली. आणि एबा लर्नरने 1943 मध्ये ‘कार्यलक्षी अर्थव्यवहारा’चा सिद्धांत सांगून अंदाजपत्रकाच्या समतोलाचे सोवळेच काढून टाकले. त्याच 1943 साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला होता, मिदनापूरला वादळाने झोडपले होते, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून होड्या जप्त झाल्या होत्या, हे खरेच. पण कलकत्त्यात लष्करी मक्त्यांचा नवा पैसा ओतला जात असता, ज्याच्या मजुरीत त्या मानाने वाढ झाली नाही त्या शेतमजुराच्या आवाक्याबाहेर तांदूळ गेला, हे कारणही तितकेच बलवत्तर होते. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या 15 लाख धरली, पुढील संशोधकांचे अंदाज 30 लाखांपर्यंत जातात. अर्थशास्त्रज्ञ उत्सा पटनाईक यांनी या भाववाढीला केन्सच्याच परिभाषेत सक्तीची बचत म्हटले आहे. ब्रिटनमध्ये सक्तीच्या बचतीची नोंद निदान करदात्याच्या नावे होत होती. बंगालच्या मजुराने उपाशी राहून केलेली बचत जमा झाली ती पौंड-पावन्यात. लर्नरचा सिद्धांत यामुळे खोटा ठरत नाही. खर्च करणारे राज्य ज्या प्रजेला जबाबदार आहे त्याच प्रजेचा माल ते उचलते, हे त्याने गृहीत धरले होते, आणि वसाहतीत तेवढेच नव्हते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून गाडगीळ व सोवनी यांनी युद्धकालीन अर्थनीतीची चिकित्सा त्याच वर्षी प्रसिद्ध केली होती. दिल्लीच्या दप्तरात ती कितपत उघडली गेली, हा प्रश्न वेगळा.

जुलै 1944 मध्ये ब्रेटन वुड्स येथे हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाने, ज्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते, या शिल्लकेचा काही अंश तरी नियोजित नाणेनिधीमार्फत परिवर्तनीय व्हावा असा आग्रह धरला. ब्रिटन व अमेरिका दोघांनीही तो नाकारला. हा मामला संबंधित देशांनी आपसांत मिटवावा, असे ब्रिटनच्या वतीने केन्सने सांगितले. चर्चिल तर हिंदुस्थानच्या रक्षणापोटी उलट दावा लावण्याचा हक्क राखून ठेवू पाहत होते.

धनकोपणाची खरी किंमत पुढच्या वर्षी दिसली. डिसेंबर 1945 मध्ये अमेरिकेने ब्रिटनला 375 कोटी डॉलरांचे कर्ज देण्याचा करार केला, आणि त्याच्या मोबदल्यात कर्ज अमलात आल्यापासून वर्षभरात पौंड परिवर्तनीय करण्याची अट लादली. जुलै 1947 मध्ये ती पाळताच डॉलरांची गंगाजळी आटू लागली आणि पाच आठवड्यांत परिवर्तनीयता स्थगित करावी लागली. हिंदुस्थानचे येणे तत्कालीन दराने 500 कोटी डॉलरांहून अधिक, म्हणजे अमेरिकेच्या कर्जापेक्षाही मोठे होते. परंतु अमेरिकेने दिले ते राजीखुशीने, न देण्याचा अखत्यार हाती ठेवून, आणि हिंदुस्थानकडून घेतले गेले ते विचारल्यावाचून. म्हणून एकाला अटी घालता आल्या, दुसऱ्याच्या वाट्याला वाटाघाटी आल्या.

ऑगस्ट 1947 च्या करारात सुमारे 116 कोटी पौंडांची शिल्लक मान्य होऊन ती दोन खात्यांत विभागली गेली, आणि त्यातील अल्प भागच खर्चाला मोकळा झाला. 1948 मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनापोटी व मागे ठेवलेल्या लष्करी सामग्रीपोटी मोठ्या रकमा वळत्या झाल्या. पाकिस्तानचा हिस्साही वेगळा निघाला. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाचे 4.03 डॉलरांवरून 2.80 डॉलरांवर अवमूल्यन झाले, तेव्हा उरलेल्या रकमेची अमेरिकन यंत्रसामग्री विकत घेण्याची शक्ती बसल्या जागी जवळजवळ एकतृतीयांशाने घटली. रुपयाचेही तेवढेच अवमूल्यन झाल्यामुळे वह्यांत मात्र काहीच बुडाले नाही.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अवजड कारखानदारीने ही पुंजी भराभर संपविली. चलनामागे ठरावीक प्रमाणात सोने व परकीय रोखे ठेवण्याचे बंधन 1956 मध्ये काढून किमान साठ्याची पद्धत आणली गेली, आणि 1957 मध्ये तो साठाही 115 कोटींच्या सोन्यासह 200 कोटींवर उतरविण्यात आला. ऑगस्ट 1958 मध्ये भारताच्या परकीय चलनाची तूट भागविण्यासाठी धनको राष्ट्रांची बैठक भरली, ती वॉशिंग्टनला, जागतिक बँकेच्या यजमानपदाखाली. तीत ब्रिटनही कर्ज देणाऱ्यांच्या बाजूला बसला होता.