कुंडलिका : घाटापलीकडचे पाणी वाहणारी नदी

१/ रायगड जिल्ह्यातील कुंडलिका ही लहानशी नदी. सह्याद्रीत भिऱ्याच्या परिसरात उगम, पुढे कोलाड, रोहा आणि रेवदंड्याशी अरबी समुद्र. कोकणातील बहुतेक नद्या पावसाळा सरला की रोडावतात. कोलाडजवळ मात्र उन्हाळ्यातही राफ्टिंग चालते. एवढे पाणी येते कोठून?

२/ उत्तर घाटमाथ्यावर, पुणे जिल्ह्यातील मुळशीत आहे. मुळा नदी पूर्ववाहिनी. मुठा, भीमा, कृष्णा अशा संगमांतून तिचे पाणी बंगालच्या उपसागरास मिळते. मुळशीच्या धरणाने ते अडवून पश्चिमेस वळवले.

३/ कारण उंचीचे. घाटमाथ्यावरून भिऱ्यास पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरते. त्या बळावर वीज निर्माण करून ती मुंबईस पुरवण्याची टाटांची योजना होती. भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. चक्रे फिरवून बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेत येऊ लागले.

४/ परंतु धरणाखाली मावळ्यांची भातखाचरे, घरे आणि देवळे जाणार होती. एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा. स्त्रियाही पुढे आल्या, तुरुंगात गेल्या. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात.

५/ लढा आतूनही दुभंगला. खोऱ्यातील बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांची मालकी होती. त्यांना मोबदला पुरेसा वाटला. जमीन कसणाऱ्या कुळास मोबदल्याने काय मिळणार? अखेरच्या टप्प्यात बापटांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण मात्र पूर्ण झाले.

६/ कुंडलिकेचा इतिहास सहसा मुखापासून सांगितला जातो : प्राचीन चौल बंदर, पोर्तुगीजांचा रेवदंडा, समोरचा कोर्लई किल्ला. तो खराच आहे. तथापि या नदीचे आजचे रूप घडले ते विसाव्या शतकात, तिच्या काठापासून दूर, घाटाच्या पलीकडे.

७/ आजही कोलाडचे राफ्टिंग भिऱ्याहून पाणी सुटण्याच्या वेळेवर चालते. नकाशावर मुळशी आणि कुंडलिका ही दोन वेगळी खोरी दिसतात. मुळशीची बुडालेली गावे मात्र कुंडलिकेच्याही इतिहासाचा भाग आहेत.