चार बोल्टांचा पूर्वपक्ष

गोव्यात पेडणे-डिचोलीकडे एक मत बऱ्यापैकी रुजले आहे: गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बदलायला मेकॅनिक कशाला हवा? पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो वेडगळ नाही. कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनाला तीन-चार बोल्टांनी धरलेला डबा. एक बेल्ट, दोन पाइप, क्लचची एक वायर. अल्टरनेटर बदलणाऱ्याला हेही जमते. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून विमाने उडू लागली. तिथली भाडी मारणाऱ्या पेडणेकराची गाडी म्हापशाच्या गॅरेजात अडकली की त्याची तेवढी कमाई बुडाली, आणि एसीविना पाहुणा गाडीत बसत नाही. डिचोलीच्या खाणपट्ट्यात ट्रकांच्या संगतीत वाढलेल्यांना तर बॉनेटखाली हात घालायची भीती कधी नव्हतीच.

हेतू खरा आहे, अनुमान मात्र टिकत नाही. नैयायिकांचे जुने उदाहरण आठवावे. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही; मध्ये ओल्या इंधनाची उपाधी, म्हणजे जादा अट, असते. इथेही एक उपाधी दडलेली आहे. अल्टरनेटर उघड्या हवेत चालतो, एसी हे बंद वर्तुळ आहे. ते उघडले की कोरडे करावे लागते, आतली हवा काढावी लागते आणि मग मोजून गॅस भरावा लागतो. बोल्टांचे काम याच्या मानाने किरकोळ.

आता ओल. पावसाळ्यात आपल्याकडच्या ३० अंशांच्या दमट हवेत घनमीटरमागे २७ ग्रॅमच्या आसपास पाणी असते. ‘पाइप घटकाभर उघडा राहिला तर असे किती पाणी शिरणार?’ हा आक्षेप रास्त आहे. नुसत्या हवेबरोबर नगण्यच शिरते. पण या यंत्रातले पीएजी तेल हवेतली ओल ओढून घेते, आणि ड्रायरमधले दाणे तर त्याचसाठी घातलेले असतात. पाइपांची तोंडे बंद न करता गाडी रात्रभर अंगणात ठेवली की ड्रायर संपलाच म्हणायचा. मग पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर गोठते किंवा गॅस-तेलाच्या संगतीत आम्ल तयार करून अ‍ॅल्युमिनियम खाते. ३० अंशांना पाणी उकळून निघायला दाब सुमारे ४२ मिलिबारच्या खाली न्यावा लागतो; बाहेरचा दाब हजारावर. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलटा जोडून व्हॅक्यूम मारणारे कल्पक लोक आहेत, त्यांच्या हिकमतीला दाद द्यावी. पण व्हॅक्यूम किती खोल गेला आणि पंप बंद केल्यावर तो टिकला का, हे नीट गेज नसेल तर कळणार कसे?

गॅसचा घोटाळा याहून गमतीचा. ‘प्रेशर बरोबर आले, म्हणजे गॅस बरोबर भरला’ असे बेधडक सांगितले जाते. बंद गाडीत ३० अंशांना एसीतल्या आर-१३४ए गॅसचा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो, मग आत २०० ग्रॅम असो की ५००. द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानाचा, वजनाचा नाही. चालू गाडीत तोच दाब बाहेरच्या उन्हावर, पंख्यावर, इंजिनाच्या वेगावर हलतो. म्हणून बॉनेटखालच्या लेबलावर ग्रॅम लिहिलेले असतात. लहान गाडीला साधारण चार-पाचशे. तेलाचेही तसेच. नवा कॉम्प्रेसर बहुधा तेल भरूनच येतो, जुने तेल कंडेन्सर-कुलिंग कॉइलमध्ये उरलेले असतेच; हिशेब न करता बसवला तर तेल जास्त आणि गारवा कमी. आणि जुना कॉम्प्रेसर जाम होऊन मेला असेल तर त्याचा धातूचा चुरा कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत अडकतो, तो धुऊन निघत नाही. नवा त्याच चुऱ्याने मरतो आणि दोष ‘डुप्लिकेट माला’वर जातो.

पाइप सैल करताना हवेत सोडलेला गॅस हा मुद्दा लोकांना पुस्तकी वाटतो. हवामानबदलाच्या आंतरसरकारी मंडळाच्या चौथ्या अहवालाने या वायूची तापनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरली. म्हणजे ४५० ग्रॅम सोडणे हे पावणेतीनशे-एक लिटर पेट्रोल जाळण्याच्या बरोबरीचे. अशा वायूंचा वापर आटोक्यात आणणाऱ्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. शिवाय हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. बोटांवर आला तर कातडी गोठवतो.

तर मग सगळेच गॅरेजवर सोडावे? हेही मला मान्य नाही. ‘कॉम्प्रेसर गेला’ हे निदानच पुष्कळदा घाईचे असते. खाणपट्ट्यातली तांबडी धूळ कंडेन्सरच्या जाळीत बसली, किंवा पंखा मंदावला, की दाब चढतो आणि प्रेशर स्विच क्लच तोडतो. रिले किंवा क्लचची कॉइल गेली तरी लक्षण तेच. जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुणे, रिले अदलाबदल करून पाहणे, पंखा फिरतो का बघणे, हे मालकाने जरूर स्वतः करावे. गॅस यंत्राने काढून घेतल्यावर बोल्ट काढून नवा कॉम्प्रेसर चढवायलाही माझी हरकत नाही, पण त्यानंतर पाइपांची तोंडे बांधून गाडी व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा असलेल्याकडे न्यावी. विजेच्या किंवा हायब्रिड गाडीचा कॉम्प्रेसर मात्र सोडून द्यावा. तिथे शेकडो व्होल्टची वीज असते आणि तेलही वेगळे, एस्टर जातीचे लागते. पीएजी गेले तर विद्युतरोध बिघडतो.

राहिला शेवटचा आक्षेप: गावातला मेकॅनिकही व्हॅक्यूम न मारताच डबा जोडतो, मग त्याला पैसे का द्यावे? द्यायचे नाहीतच. गाडी आत घेण्याआधी विचारावे: गॅस वजनाने भरता की गेज बघून? ड्रायर नवा घालणार का? व्हॅक्यूम थांबवल्यावर किती वेळ बघता? ‘तुम्ही काळजी करू नका’ एवढेच उत्तर आले, तर तो मेकॅनिकही त्या चार बोल्टांच्याच पक्षाचा.