कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातील मुदतीचा विचार

‘मुदत’ हा मूळचा अरबी शब्द मराठीत दोन परस्परविरोधी छटांनी रूढ झाला आहे. ‘मुदत देणे’ यात सवलत आहे, तर ‘मुदत संपणे’ यात हक्काचा अंत आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या इतिहासात या दोन्ही छटा शेजारी शेजारी आढळतात.

हा अधिनियम १ जुलै १९२४ रोजी अंमलात आला. दहाव्या कलमान्वये आयुक्तांपुढे मागणी दाखल करण्यास आरंभी सहा महिन्यांची मुदत होती. मुंबईच्या गिरणीत हात गमावून कोकणातील गावी परतलेल्या कामगारास ती किती अपुरी पडत असेल, हे सांगावयास नको. पुढे ही मुदत एक वर्षाची व १९६२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांची करण्यात आली. याउलट, आयुक्तांच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील करण्याची तिसाव्या कलमातील मुदत साठ दिवसांचीच राहिली. एक मुदत चौपट वाढावी आणि दुसरी मुळीच बदलू नये, याची संगती कशी लावावयाची?

उत्तर असे की, मागणीची मुदत केवळ कामगाराच्या उपयोगाची असते. अपिलाची मुदत मात्र उभय पक्षांना समान असते. ती वाढविल्यास हरलेल्या कामगारास सवड मिळेल हे खरे. पण जिंकलेल्या कामगाराच्या डोक्यावर मालकाच्या अपिलाची टांगती तलवारही तितकेच दिवस राहील. म्हणून सवलतीची वाट निराळी ठेवलेली दिसते. पुरेसे कारण दाखविल्यास मुदतीच्या कायद्यातील पाचव्या कलमाच्या आधारे विलंब क्षमापित होऊ शकतो.

तथापि समान मुदत म्हणजे समान स्थिती नव्हे. दोन महिने थांबणे कारखानदारास जड जात नाही. मजुराच्या घरची चूल मात्र तेवढ्यात थंडावते. ही विषमता १९३३ च्या दुरुस्तीने काही अंशी दूर केली. देय रक्कम आयुक्तांकडे जमा केल्याचा दाखला जोडल्याखेरीज मालकाचे अपील चालणार नाही, अशी अट तीत घातली गेली. पुढे १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचे दायित्व अपघाताच्या दिवशीच उत्पन्न होते, असा निर्णय दिला. त्यामुळे निवाडा होईपर्यंत देणे लागत नाही, ही सबब उरली नाही.

हा अधिनियम आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला असून तीतही अपिलास साठ दिवसच आहेत. दिवसांची संख्या शतकभर स्थिर राहिली. न्याय पुढे सरकला तो त्या दिवसांचा भार कोणी वाहावयाचा, हे ठरविण्यातून.