उंबरठ्याची उंची

सार्वजनिक कामाला माणसे मिळत नाहीत, अशी ओरड आपण नेहमी ऐकतो. २००० साली अमेरिकेत संगणकजाळ्यावर ‘न्यूपीडिया’ हा मोफत ज्ञानकोश निघाला. लेख तज्ज्ञांनी लिहावा आणि तो तपासणीच्या सात पायऱ्या चढून यावा, असा दंडक होता. २००३ साली तो मिटला, तेव्हा पुरे झालेले लेख जेमतेम पंचवीसच्या घरात होते. त्याच चालकांनी १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू केला. तेथे वाचणाऱ्याला चूक दिसली, की त्याच पानावर ती सुधारता येई. वर्षभरात सुमारे २०,००० लेख जमले. लिहिणाऱ्याला मोबदला दोन्हीकडे नव्हताच! पुढे विकिपीडियातही नियमांचे जंजाळ वाढले आणि २००७ नंतर इंग्रजी आवृत्तीला लिहिते हात कमी पडू लागले. तेव्हा माणसे येत नाहीत म्हणण्याआधी प्रत्येक संस्थेने आपला उंबरठा एकदा मोजून पाहावा.