भाड्याने आणलेला सिनेमा : थिएटरात पडलेला चित्रपट घरी लाडका कसा व्हायचा?

१ ऑगस्ट २०२५ रोजी आमिर खानचा ‘सितारे जमीन पर’ यूट्यूबवर आला, तोही १०० रुपये भाड्याने. पैसे भरायचे, ठरलेल्या मुदतीत बघायचा, मुदत संपली की सिनेमा बंद. अनेकांना हा नवा प्रयोग वाटला. पण ठाण्याच्या वर्तकनगरसारख्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतींत १९८०-९० च्या दशकांत वाढलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. तेव्हाही सिनेमा भाड्यानेच घरी यायचा, फक्त काळ्या कॅसेटमधून.

आणि या भाड्याच्या सिनेमांची आवडनिवड थिएटरपेक्षा बरीच वेगळी होती.

सुरुवात कशी झाली?

जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस कॅसेट १९७६ मध्ये बाजारात आणली. मुंबईत वॉर्डन रोडवर १९६२ पासून पुस्तकं भाड्याने देणाऱ्या ‘शेमारू’ने १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेटही भाड्याने द्यायला सुरुवात केली. म्हणूनच कॅसेटच्या दुकानाला आपल्याकडे ‘लायब्ररी’ हा शब्द चिकटला. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला आणि गल्लोगल्ली अशा लायब्रऱ्या निघाल्या.

व्हीसीआर विकत घेणं मध्यमवर्गाला परवडत नव्हतं. त्यामुळे तो यंत्रासकट एका रात्रीसाठी भाड्याने यायचा, सोबत तीन-चार कॅसेट. मजल्यावरची घरं वर्गणी काढायची आणि ज्याची खोली त्यातल्या त्यात मोठी, त्याच्याकडे सतरंजी पडायची.

मग नावडता कोण ठरायचा?

बऱ्याचदा रात्रीचा शेवटचा! पहिला सिनेमा नवाकोरा हिंदी, दुसरा सगळ्यांना चालेल असा विनोदी किंवा मराठी. तिसरा सुरू होईपर्यंत अर्धी खोली झोपलेली असायची. त्या सिनेमाचा यात काय दोष?

दुसरं कारण प्रिंट. चोरून काढलेल्या कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक, अशी नक्कल होत गेली की प्रत्येक वेळी चित्र आणि आवाज खराब होतो. थिएटरात कॅमेरा लपवून केलेल्या ‘कॅमेरा प्रिंट’मध्ये पुढच्या प्रेक्षकाचं डोकंही दिसायचं. वर पडद्यावरून सरकणाऱ्या जाहिराती.

तिसरं कारण कमी लोकांच्या लक्षात यायचं. जुन्या टीव्हीचा पडदा ४:३ या प्रमाणातला, जवळजवळ चौकोनी. सिनेमास्कोप चित्रपटाची रुंदी उंचीच्या २.३५ पट असते. तो टीव्हीभर बसवायचा तर दोन्ही बाजूंचं मिळून ४० टक्क्यांहून अधिक चित्र कापावं लागतं. थिएटरात ७० एमएमवर ‘शोले’ बघितलेल्याला घरी तो अपुरा वाटला, तर तो उगाच नव्हता. भव्य सिनेमे घरी मार खायचे.

आणि आवडता?

१९९४ साल बघितलं तर बरंच कळतं. त्या ऑगस्टमध्ये ‘हम आपके हैं कौन..!’ आला. राजश्रीने त्याची व्हिडिओ कॅसेट मुद्दाम लगेच काढली नाही. बघायचा तर थिएटरातच या, असा हिशेब होता आणि तो यशस्वी ठरला. नोव्हेंबरमध्ये ‘अंदाज अपना अपना’ आला. सलमान खान याही सिनेमात होता, सोबत आमिर. तो मात्र तिकीटबारीवर पडला.

पुढे कॅसेट आणि केबलवर लोकांनी तो पाठ केला. कारण साधं आहे. त्यातली गंमत संवादात आहे आणि संवादाला मोठा पडदा लागत नाही, रिवाइंडचं बटण लागतं. हसण्यात बुडालेलं वाक्य मागे जाऊन पुन्हा ऐकता येतं. एप्रिल २०२५ मध्ये हा सिनेमा पुन्हा थिएटरांत लागला, तो याच घरगुती प्रेमाच्या जोरावर. १९८३ चा ‘जाने भी दो यारों’ही असाच उशिरा लाडका झाला. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) थिएटरातही चालला होता, पण एकेक प्रसंग सुटा बघितला तरी हसू येतं. घरच्या सिनेमासाठी यापेक्षा मोठा गुण नाही.

या प्रेमाचे पैसे निर्मात्याला मिळाले का?

फारसे नाही. खरी दुखरी बाजू हीच. १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा कडक झाला आणि उल्लंघनासाठी किमान सहा महिने कैद व ५०,००० रुपये दंड ठरला. १९९४ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : सिनेमाची प्रत भाड्याने देण्याचा हक्क मालकाचाच, ती प्रत आधी विकली गेली असली तरी. म्हणजे दुकानातून अस्सल कॅसेट विकत आणली, तरी परवानगीशिवाय ती भाड्याने देणं बेकायदा. २०१२ च्या दुरुस्तीत ‘व्यावसायिक भाडं’ असा शब्द आला, त्यामुळे मित्राला फुकट दिलेली डीव्हीडी यात येत नाही.

थिएटरात पडलेला सिनेमा घरोघरी शंभरदा बघितला गेला, तरी निर्मात्याच्या वहीत तो पडलेलाच राहिला.

लायब्ररी कधी संपली?

एका झटक्यात नाही. केबलने सुरुवात केली, व्हीसीडीने यंत्र स्वस्त केलं. मग २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. विकतच इतकी स्वस्त, तर परत करायला कोण जाणार? सेव्हन्टीएमएमसारख्या कंपन्यांनी डिस्क घरपोच भाड्याने देऊन पाहिली, तीही फार टिकली नाही. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं आणि त्याच जुलैत जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं.

कपाटात जुनी कॅसेट असेल तर ती तशीच यंत्रात घालू नका. दमट हवेत टेपवर बुरशी धरते, ती यंत्राच्या हेडला लागते आणि मग पुढची चांगली कॅसेटही खराब होते.

आजच्या ऑनलाइन भाड्याचा नियम साधारण असा : पैसे भरल्यावर ३० दिवसांत सिनेमा सुरू करायचा आणि एकदा प्ले दाबलं की बहुतेक ठिकाणी ४८ तास मिळतात. अर्धा बघून कंटाळा आला, तर पैसे परत मिळत नाहीत. ते लायब्ररीतही मिळत नव्हते.