ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, पुढं काय झालं? द्राक्ष-आंब्याच्या पेटीपर्यंत पोचलेल्या ब्रेक्झिटची माहिती

मे २०१४ मध्ये युरोपनं आपला आंबा बंद केला होता, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. मालात फळमाशी सापडली म्हणून आंब्यासोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांनाही दारं बंद झाली. युरोपात आपल्या आंब्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ब्रिटन. तिथल्या व्यापाऱ्यांनी ओरड केली, काही खासदारही बोलले, पण लंडनच्या सरकारला एकट्याला ती बंदी उठवता येत नव्हती. निर्णय ब्रुसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यालयात झाला होता आणि सभासद म्हणून ब्रिटनला तो पाळणं भाग होतं. पुढं आपल्याकडची तपासणी सुधारली आणि २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली.

व्यापारी गटात असणं म्हणजे काय, हे या एका उदाहरणावरून कळतं. ब्रिटननं हा गट सोडला, त्यालाच ब्रेक्झिट म्हणतात. टीव्हीवर हा शब्द खूप ऐकला, पण त्यातून नेमकं काय बदललं आणि आपल्या मालाशी त्याचा काय संबंध, हे एका ठिकाणी वाचायला मिळत नाही. म्हणून ही माहिती.

गट म्हणजे नेमकं काय

पूर्वी आपल्याकडं शहरात माल न्यायचा तर जकात नाक्यावर गाडी थांबायची. राज्याच्या सीमेवर वेगळा चेकपोस्ट, तिथं पुन्हा पावत्या दाखवा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरच्या ट्रकच्या रांगा कमी झाल्या. युरोपीय संघानं हेच काम देशादेशांमध्ये केलं. स्पेनचा टोमॅटो गाडीत भरला की फ्रान्समधून थेट लंडनच्या बाजारात, मध्ये कस्टम नाही. फक्त मालच नाही, तर माणूस, पैसा आणि सेवा यांनाही मोकळीक. पोलंडचा मजूर इंग्लंडच्या शेतात काम करायला व्हिसाशिवाय येऊ शकत होता.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. बाहेरच्या देशांच्या मालावर सगळ्या सभासदांचा आयात कर एकच. कीटकनाशकाचा अंश किती चालेल, कोणती फवारणी बंद, हे नियमही सामाईक. आणि कुठल्याही सभासदाला भारतासारख्या देशाशी एकट्यानं व्यापार करार करता येत नाही. वर्गणीही भरावी लागते.

बाहेर कसे पडले

ब्रिटन १९७३ ला या गटात गेलं. १९७५ ला जनमत घेतलं, तेव्हा सुमारे ६७ टक्के लोकांनी राहू म्हणून कौल दिला होता. पण नाराजी कायम होती, विशेषतः हुजूर पक्षात. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी पक्षातलं भांडण मिटवायला जनमताचं आश्वासन दिलं. २३ जून २०१६ ला मतदान झालं. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१ टक्के. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये राहा म्हणणारे जास्त होते, इंग्लंड आणि वेल्सनं बाहेरचा कौल दिला.

प्रचारात एक लाल बस फिरत होती. आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते दवाखान्यांना देऊ, असं त्यावर लिहिलेलं. ब्रिटनला त्या वर्गणीत सूट होती आणि शेतीसाठी बराच पैसा परतही येत होता, म्हणजे आकडा फुगवलेला होता. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानंही तो दिशाभूल करणारा ठरवला. पण निवडणुकीत बसवरचा आकडा लक्षात राहतो, खुलासा कोण वाचतो! हे आपल्याला काही वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पौंड कोसळला, डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकावर गेला. ज्या निर्यातदारांचे व्यवहार पौंडात होते त्यांच्या हातात तेवढे रुपये कमी पडले. कॅमेरॉन यांनी राजीनामा दिला. थेरेसा मे आल्या, त्यांचा करार संसदेनं तीन वेळा फेटाळला. पहिल्यांदा, जानेवारी २०१९ मध्ये, तर २३० मतांनी. मग बोरिस जॉन्सन आले, डिसेंबर २०१९ ची निवडणूक जिंकली आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन अधिकृतपणे बाहेर पडलं. प्रत्यक्ष व्यवहार बदलले ते १ जानेवारी २०२१ पासून.

बांधाचा प्रश्न

वाटणी करताना बांध कुठून जाणार हे आधी ठरवतात. इथं लोकांनी आधी मतदान केलं आणि बांधाचा विचार नंतर.

आयर्लंड बेटाचे दोन भाग आहेत. दक्षिणेकडचा आयर्लंड हा स्वतंत्र देश, तो युरोपीय संघात. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये. दोघांत सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे. तीस वर्षांच्या हिंसाचारात तिथं साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानं तो थांबला, आणि त्या शांततेचा एक भाग म्हणजे ही सीमा मोकळी राहणं. कोणाचं घर इकडं, शेत तिकडं. दूध उत्तरेला काढायचं आणि प्रक्रियेला दक्षिणेला न्यायचं, असे रोजचे व्यवहार. ब्रिटन बाहेर पडलं म्हणजे या सीमेवर कस्टम नाका हवा. नाका बसवला तर पुन्हा बंदुका निघतील ही भीती.

शेवटी तोडगा असा निघाला की मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंड युरोपचे नियम पाळणार आणि तपासणी समुद्रावर, बंदरात होणार. म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांत माल नेताना कागदं. तिथल्या ब्रिटनधार्जिण्या डीयूपी पक्षाला हे सहन झालं नाही, त्यांनी फेब्रुवारी २०२२ पासून स्थानिक सरकार दोन वर्षं चालू दिलं नाही. २०२३ ला विंडसर करारानं कागदं थोडी कमी केली. मतपत्रिकेवर या सगळ्याचा एक शब्दही नव्हता.

कर शून्य, तरी व्यापार अडला

हा भाग शेतमाल पाठवणाऱ्यांनी नीट वाचावा. २४ डिसेंबर २०२० ला ब्रिटन आणि युरोपीय संघात करार झाला. एकमेकांच्या मालावर कर शून्य. वरवर पाहता काहीच बदललं नाही. पण प्रत्येक खेपेला कस्टमचा अर्ज आला. मांस, चीज, मासळी पाठवायची तर पशुवैद्यकाच्या सहीचा दाखला आला. माल कुठं तयार झाला याचा पुरावा आला.

मोठ्या कंपनीनं माणसं नेमली आणि निभावून नेलं. अडकला तो छोटा. एका गाडीत दहा जणांचा माल भरलेला असेल आणि एकाचं कागद चुकलं तर दहाही जणांची गाडी थांबते. ताजी मासळी थांबली की संपली. कच्च्या शिंपल्यांचं तर दारच बंद झालं. ब्रिटनच्या बऱ्याच किनाऱ्यांवरचे जिवंत शिंपले पाण्याच्या शुद्धतेच्या नियमामुळे युरोपात जाईनात, आणि हा नियम ब्रिटन स्वतः सभासद असताना झालेला! बऱ्याच छोट्या व्यापाऱ्यांनी युरोपला माल पाठवणंच सोडून दिलं. तिथल्या सरकारी अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की संघात राहिलं असतं त्या तुलनेत ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील.

तिथल्या शेतकऱ्याचं काय झालं

युरोपीय संघात शेतकऱ्याला हेक्टरी थेट पैसे मिळत. ब्रिटनच्या वाट्याला वर्षाला सुमारे तीन अब्ज पौंड यायचे. बाहेर पडल्यावर इंग्लंडनं हे हेक्टरी पैसे २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं कमी केले आणि त्याऐवजी माती, पाणी, झाडं, पक्षी जपण्याच्या कामाला पैसे देणाऱ्या योजना आणल्या. कल्पना वाईट नाही. पण मार्च २०२५ मध्ये त्यातल्या मुख्य योजनेचे नवीन अर्ज निधी संपला म्हणून अचानक बंद केले. पोर्टल बंद पडल्यावर शेतकऱ्याचं काय होतं हे आपण जाणतो.

मजुरांचा प्रश्न त्याहून मोठा झाला. स्ट्रॉबेरी, सफरचंद, कोबी तोडायला पूर्वी रोमानिया, बल्गेरियाची माणसं येत. ती थांबली. मग हंगामी व्हिसा काढावा लागला. २०१९ ला २,५०० पासून सुरू झालेली संख्या पुढं कित्येक हजारांवर गेली आणि मजूर मध्य आशियातून येऊ लागले. २०२१ च्या सप्टेंबरात ट्रकचालक कमी पडल्यानं पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यात कोरोनाचाही हात होता, सगळं ब्रेक्झिटवर ढकलणं बरोबर नाही.

स्वतःचे करार करायची मोकळीक मिळाली, तर पहिले नवे करार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी. दोन्ही ३१ मे २०२३ पासून लागू. तिकडचं स्वस्त मटण येणार म्हणून मेंढपाळ चिडले. कराराच्या वेळी कृषी खातं सांभाळणारे जॉर्ज युस्टिस यांनीही पद गेल्यावर संसदेत मान्य केलं की ऑस्ट्रेलियाचा करार काही फार चांगला नव्हता.

परदेशी माणसं कमी होतील हा प्रचाराचा मोठा मुद्दा होता. झालं उलटं. युरोपातून येणारे घटले, भारत, नायजेरियासारख्या देशांतून येणारे वाढले. कारण १ जानेवारी २०२१ पासून युरोपचा माणूस आणि आपला माणूस व्हिसासाठी एकाच रांगेत आले.

गोव्याच्या कुटुंबांना बसलेला फटका

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात जन्मलेले लोक आणि त्यांची पुढची पिढी पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवू शकते. पोर्तुगाल युरोपीय संघात. त्यामुळे तो पासपोर्ट घेऊन हजारो गोवेकर पोर्तुगालला न जाता सरळ इंग्लंडला गेले. स्विंडन गावात तर त्यांची मोठी वस्ती आहे. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जे तिथं राहायला गेले त्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवता आला. त्यानंतर फक्त पोर्तुगीज पासपोर्टच्या जोरावर ब्रिटनमध्ये कामाला जाता येत नाही. आजही एजंट जुनी गोष्ट सांगून पैसे मागतात असं ऐकू येतं. पैसे देण्याआधी हे लक्षात ठेवा.

द्राक्ष बागायतदारांसाठी

आपली बरीच द्राक्षं नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. पूर्वी तिथं एकदा सोडवलेला माल पुढं इंग्लंडला कराशिवाय जायचा. आता भारतात पिकलेली द्राक्षं युरोपात कर भरून सोडवली आणि मग ब्रिटनला पाठवली, तर ब्रिटनचा कर वेगळा लागतो, कारण शून्य कर फक्त युरोपात पिकलेल्या मालाला. म्हणून ब्रिटनचा कंटेनर सुरुवातीपासून ब्रिटनच्या नावानं काढणं सोयीचं झालं.

दुसरी गोष्ट अंशाची. २०१० ला सीसीसीच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचं काय झालं ते जुन्या बागायतदारांना माहीत आहे. बाहेर पडताना ब्रिटननं युरोपची अंशमर्यादेची यादी जशीच्या तशी उचलली, पण त्यानंतर दोघं आपापली यादी बदलतात. म्हणजे एखादं औषध एकीकडं चालेल, दुसरीकडं नाही. प्लॉट कोणत्या देशासाठी आहे हे फवारणीच्या वेळापत्रकाआधी निर्यातदाराला विचारा आणि यादी त्याच हंगामाची आहे ना ते बघा.

भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ ला व्यापार करारावर सह्या झाल्या. ब्रिटन संघात असतं तर हा करार झालाच नसता. त्यात आपल्या ९९ टक्के प्रकारच्या मालावरचा ब्रिटनचा कर काढायचं ठरलं. बदल्यात आपण स्कॉच व्हिस्कीवरचा १५० टक्के कर आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणणार. दूध-दुभतं, सफरचंद आणि खाद्यतेल यांना आपण सवलत दिलेली नाही. दुधाची हीच भीती होती म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेप या आशियाई गटात गेला नाही. आत न जाणं आणि ४७ वर्षं राहून बाहेर पडणं यात मात्र फरक आहे. आपल्याला काही मोडावं लागलं नाही.

ब्रिटन सध्या पुन्हा युरोपच्या जवळ सरकत आहे. संघात परत जाणार नाही असं कीर स्टार्मर यांच्या सरकारनं सांगितलं, पण १९ मे २०२५ ला लंडनच्या बैठकीत अन्न, वनस्पती आणि जनावरांच्या आरोग्याचे नियम पुन्हा जुळवायचं दोघांनी ठरवलं. ते झालं तर अंशाच्या दोन याद्या परत एक होतील. तोपर्यंत छाटणीच्या आधी दोन्ही बघाव्या लागतील.